पदवी नागपूरची, पत्ता दरेकसाचा

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील, महाराष्ट्राच्या पूर्वेकडील शेवटच्या गावांपैकी एक. मुंबई–हावडा लोहमार्गाने नागपूरहून निघाले की गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि त्यानंतर दरेकसा लागते. पुढे डोंगर, बोगदा आणि जंगल ओलांडून गाडी बोरतलावला पोहोचते तेव्हा छत्तीसगड सुरू झालेले असते. या मार्गावर आधी नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज गाडी होती. ती १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत गेली. नंतर बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग घेतला, रुंद केला आणि १८९१ मध्ये थेट आसनसोलपर्यंत जोडला. म्हणजे रूळ येऊन १४० वर्षांहून अधिक काळ झाला. विद्यापीठ मात्र येथील गोंड, हलबा, गोवारी घरांत फार उशिरा आले, आणि आले तेही बहुधा गुणपत्रिकेच्या रूपाने.

ते विद्यापीठ नागपूरचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी ते स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू होते आणि सुरुवातीला संलग्न महाविद्यालये सहा होती. पुढे त्यातून एकेक प्रदेश निघत गेला. १९४६ मध्ये सागर, १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ. गोंदिया मात्र नागपूरकडेच राहिला. त्यामुळे ज्या डोंगराला गोंड समाज आपले मूळ स्थान मानतो, त्या दरेकसाजवळच्या कचारगडाच्या पायथ्याचा विद्यार्थी गोंडवाना विद्यापीठाचा नाही. तो २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लागलेल्या नागपूर विद्यापीठाचा आहे. सीमा ठरवताना जिल्हे मोजले गेले आणि त्यात काही गैरही नाही, पण योगायोग मजेशीर आहे. दुसरा योगायोग याहून मोठा. दरेकसाला सर्वांत जवळचा विद्यापीठ परिसर महाराष्ट्रात नाहीच. तो डोंगरगडच्या पलीकडे खैरागडला आहे. १९५६ मध्ये तेथील राजघराण्याने आपला राजवाडा देऊन उभे केलेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. मात्र रहिवासी दाखला, आरक्षण आणि शिष्यवृत्ती ही सगळी कामे राज्याच्या हद्दीत चालतात. म्हणून घरात छत्तीसगडी बोलणारी, डोंगरगडला सोयरीक असलेली मुलेही शिकायला उलट्या दिशेची गाडी धरतात.

नागपूर विद्यापीठाचा विद्यार्थी असणे आणि नागपूर विद्यापीठात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतातील पहिली तीन विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचे महाविद्यालयाने, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती रीत. नागपूरने पुढे आपले पदव्युत्तर विभाग उभारले, अमरावती मार्गावर मोठा परिसर वसवला. पण बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत जुनीच रीत चालू आहे. सालेकसा, आमगाव किंवा गोंदियात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्याला तीन वर्षांत विद्यापीठाचा परिसर पाहण्याचे कारण पडत नाही. पडलेच तर ते पुनर्मूल्यांकन, नावातली चूक किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट असल्या कामापुरते. परिसर, ग्रंथालय, कट्टा, युवा महोत्सव, विद्यार्थी निवडणूक हे विद्यापीठीय जीवनाचे नेहमीचे वर्णन. दरेकसाच्या विद्यार्थ्याला ते लागू करायचे तर अगोदर कोणत्या टप्प्यावरचा विद्यार्थी, हे विचारावे लागते.

पहिला टप्पा गाडीचा. गोंदियात मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय ही तिची जुनी महाविद्यालये आजही जिल्हाभर ‘डीबी’ आणि ‘एनएमडी’ म्हणूनच ओळखली जातात. आमगावला भवभूती महाविद्यालय आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने स्वतःला विदर्भातील पद्मपूरचा म्हटले आहे आणि ते पद्मपूर आमगावजवळचेच, असा या भागाचा ठाम दावा आहे. गाव सोडून दूर कनोजच्या दरबारात नाव काढणारा तो बहुधा या पट्ट्यातला पहिलाच ‘बाहेर शिकायला गेलेला’ माणूस असावा! गाडीने ये-जा करणाऱ्या मुलांचे महाविद्यालयीन जीवन लोकल गाडीच्या वेळेला बांधलेले असते. शेवटचा तास, एनसीसीची परेड, स्नेहसंमेलनाचा सराव, ग्रंथालयाची संध्याकाळची वेळ हे सगळे परतीच्या गाडीनंतर येते. उलट ओळखी जुळतात त्या डब्यात. कोणत्या स्टेशनावर कोण चढते, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरले, कोणाला कोणत्या विषयात बॅक राहिला, हे डब्याला माहीत असते आणि वर्गाला नसते. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद पडल्या तेव्हा या मुलांचे वर्ग जसे सुटले तशी ही बैठकही मोडली. मोबाइलवरचे तास वर्गाची जागा कशीबशी घेऊ शकले. डोंगराळ भागात रेंज मिळाली तर.

मुलींसाठी या टप्प्याला आणखी एक अडसर असतो. शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमाची निळी बस गावातून नेते आणि परत आणून सोडते. बारावी झाली की ती सोय संपते. पुढे स्टेशनापर्यंत कोण सोडणार, अंधार पडल्यावर कोण आणणार, हा प्रश्न घरात चर्चेला येतो आणि कित्येकदा पदवीचा निर्णय तिथेच होतो. त्यामुळे मुलींच्या बाबतीत वसतिगृहाला अभ्यासापेक्षाही जास्त महत्त्व आहे. ‘होस्टेलला नंबर लागला’ हे वाक्य प्रवेश मिळाल्याच्या बातमीइतकेच मोठे असते.

होस्टेलला नंबर लागण्याआधी फाईल तयार व्हावी लागते. ही फाईल जवळून पाहण्यासारखी असते. बटणाचे प्लास्टिकचे फोल्डर, त्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. सर्वांत खाली, वेगळ्या पिशवीत, जात वैधता प्रमाणपत्र किंवा ते मिळावे म्हणून जमवलेले कागद. वंशावळीचे शपथपत्र, आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल. अनुसूचित जमातीचा दावा १९५० च्या आधीच्या वास्तव्याशी बांधलेला असल्यामुळे नोंदी जितक्या जुन्या तितक्या चांगल्या. आजोबा शाळेतच गेले नसतील तर पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला आपला निरक्षरपणाही कागदोपत्री सिद्ध करावा लागतो की काय, असे वाटावे. त्यात गोंदिया जिल्हाच १ मे १९९९ रोजी झालेला. त्याआधीचे सगळे अभिलेख भंडाऱ्याचे. आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय देवरीला. महाविद्यालय रेल्वेच्या दिशेने आणि कार्यालय जंगलातल्या रस्त्याच्या दिशेने, अशी ही भूगोलाची गंमत प्रवेशाच्या दिवसांत अजिबात गमतीची राहत नाही.

तपासणी एवढी कडक होण्यामागे इतिहास आहे. खोट्या दाखल्यांवर प्रवेश घेतल्याच्या तक्रारी वाढल्या, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची रीत घालून दिली आणि महाराष्ट्राने तिचा कायदा केला. २००० मध्ये हलबा कोष्टी या विणकर समाजाचा अनुसूचित जमातीचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तो खटलाही एका वैद्यकीय प्रवेशावरूनच उभा राहिला होता. त्याचा भार सालेकसा-देवरी भागातील हलबा मुलांवरही पडला. त्यांच्या कागदाकडे पाहणारी नजर आधीच संशयी झालेली असते. गोवारींची कथा अधिक कडू आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमातीचे लाभ मान्य केले आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मधल्या काळात झालेले प्रवेश मात्र वाचवले. म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या त्या फटीत प्रवेश घेतलेली थोरली बहीण आदिवासी विद्यार्थिनी आणि एक वर्ष मागे असलेला धाकटा भाऊ नाही, अशी स्थिती एकाच घरात संभवते. विद्यापीठात आपण कोण, हा प्रश्न एरवी तत्त्वज्ञानाचा मानला जातो. येथे तो ऑनलाइन अर्जातल्या एका रकान्याचा आहे.

नागपूर हा दुसरा टप्पा. रेल्वेने गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटर. पदव्युत्तर शिक्षण, अभियांत्रिकी, नर्सिंग, विधी किंवा स्पर्धा परीक्षा यांसाठी मुले येथे येतात. ज्यांना शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळते ते तिथे राहतात. बाकीचे चार-पाच जण मिळून रूम करतात आणि डबा लावतात. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी राज्याने २०१६-१७ मध्ये पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना काढली. नागपूरसारख्या मोठ्या शहरात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरले. रक्कम ठीक होती. अडचण तिच्या येण्याच्या वेळेची. घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, अनुदान त्याच्या सोयीने येत नाही. मधले महिने उधारीवर, मित्रांवर आणि गावाहून आलेल्या तांदळावर निघतात.

तांदळाचा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. सालेकसा हा धानाचा मुलूख. सकाळी पेज किंवा शिळा भात, दुपारी भात-वरण-भाजी, रात्री पुन्हा भात. पोळी ही पाहुण्यासाठी. नागपूरच्या डब्यात चार पोळ्या आणि वाटीभर भात असतो. पहिल्या महिन्यात पोट भरत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक खोलीत ऐकू येते आणि तिच्यावर उपाय म्हणजे खोलीत एक कुकर. वसतिगृहातील खानावळीला या कारणाने मोठे मोल होते. तिथे भात मागता येई. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने अनेक वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचे ठरले. त्याविरुद्ध त्या वर्षीच्या जुलैत आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. बाहेरून पाहणाऱ्याला हे नवलाचे वाटले. हातात रोख पैसे मिळत असताना पोरे भांडतात कशाला? पण रोख रक्कम घरी पाठवावी लागते, मोबाइलच्या हप्त्याला जाते, उशिरा येते. आणि मुख्य म्हणजे तीनशे मुलांनी एका वेळी एका जागी बसून जेवण्याचा प्रसंग दिवसातून दोनदा घडत होता, तो बंद होतो. कोणाची तब्येत बरी नाही, कोण दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, कोणाचा अर्ज अडला आहे, हे खानावळीच्या रांगेत आपोआप कळते. समुपदेशन केंद्रे काढून जे साधत नाही ते तिथे विनाखर्च चालले होते.

भाषेची अडचण मात्र नागपुरात अनेकांच्या कल्पनेपेक्षा कमी आहे. दरेकसाच्या मुलाच्या मराठीत छत्तीसगडी आणि हिंदी मिसळलेली असते, आणि नागपूर स्वतःच मराठी आणि हिंदी एका दमात बोलणारे शहर आहे. थट्टा होते, पण तुटत नाही. खरी कोंडी पुण्यात होते. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या या टोकापासून कोल्हापूरपर्यंत तेराशे किलोमीटरांहून अधिक धावते आणि या भागातल्या मुलांना पुण्याला उतरवते. तिथे ‘विदर्भ’ एवढी एकच ओळख शिल्लक राहते आणि बोलण्यातल्या हेलावर वर्गात हसू फुटते. इंग्रजीची भीती सर्वांनाच असते. पण मराठीही आपली पुरेशी मराठी नाही, हे तिथेच प्रथम कळते. गावाच्या नावाचेही तसेच. पोलिसांच्या आणि वृत्तपत्रांच्या नोंदींत ‘दरेकसा दलम’ हे नक्षलवादी गटाचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले. त्यामुळे गाव सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा बंदुकीचा असतो. काही जण मग ‘गोंदिया’ म्हणून मोकळे होतात. गावाजवळच्या हाजरा धबधब्याचे फोटो फोनवर फिरू लागल्यापासून दुसरा एक प्रश्न मिळाला आहे, एवढेच.

विद्यापीठाचे वेळापत्रक आणि धानाच्या बांधीचे वेळापत्रक यांची गाठ मात्र कुठेच पडत नाही. प्रवेशाची धावपळ जुलै-ऑगस्टमध्ये, त्याच दिवसांत रोवणी. हिवाळी परीक्षेचे दिवस आणि भारी धानाची कापणी-मळणी एकमेकांवर येतात. मार्च-एप्रिलमध्ये अंतर्गत गुणांची घाई, तेव्हा पहाटे मोहफुले वेचायची असतात. मे महिन्यात उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्ता. तेंदूची रोख मजुरी हे कित्येक घरांत वर्षाच्या शिक्षणखर्चाचे साधन असल्याने पेपर चुकवून पानांना जाणारा विद्यार्थी बेफिकीर नसतो, त्याने हिशेब केलेला असतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक-दंडार चालते, आणि शहरात शिकणारी झाडून सारी मुले तेवढ्यासाठी परततात. उपस्थितीच्या नोंदवहीत हे दिवस नुसते गैरहजेरीचे असतात.

विद्यार्थी उच्च शिक्षण अर्धवट का सोडतात, याचा सर्वाधिक उद्धृत होणारा सिद्धान्त अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांचा. १९७५ मधील लेखात आणि १९८७ मधील ‘लीव्हिंग कॉलेज’ या पुस्तकात त्यांनी मांडले की विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनात मिसळला तर टिकतो, नाही तर गळतो. त्यासाठी त्यांनी संस्कारविधींची उपमा वापरली: आधी जुन्या समूहापासून विलग होणे, मग संक्रमण, मग नव्यात सामावणे. १९९२ मध्ये विल्यम टियर्नी यांनी मूळनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून यावर आक्षेप घेतला. संस्कारविधी हे एकाच संस्कृतीच्या आत घडतात; एका संस्कृतीच्या मुलाला दुसरीत सामावून घेण्याला ते नाव देणे म्हणजे त्याला स्वतःची संस्कृती संपवायला सांगणे. आक्षेप बिनतोड आहे. भारतातही आकडे हाच प्रश्न विचारतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये एकूण पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते, अनुसूचित जमातींचे २१.२. मात्र दरेकसाच्या बाबतीत टिंटो आणि टियर्नी दोघांनाही न सुचलेली गोष्ट घडली. विद्यापीठात जाऊन मुले गावापासून तुटली नाहीत. शहरात गेलेल्यांनी गावालाच समाजाचे केंद्र करून टाकले.

दरेकसाजवळच्या धनेगावपासून कचारगडाची वाट चढते. तिथल्या प्रचंड नैसर्गिक गुहेविषयी गोंड परंपरेत कथा आहे: बालके या गुहेत कोंडली गेली, जंगो रायताड आणि संगीतज्ञ हीरासुका यांच्या साहाय्याने ती सुटली आणि पारी कुपार लिंगो याने त्यांना शिकवून गोत्रांची व्यवस्था लावून दिली. कथेचे पाठभेद अनेक आहेत. पण त्या सगळ्यांत गुहेतून सुटलेल्या मुलांना शिकवणारा गुरू आहे, हे लक्षात घेण्यासारखे. माघ पौर्णिमेला आज येथे जी मोठी यात्रा भरते, तिला हे रूप १९८० च्या दशकात येऊ लागले. त्यामागे विद्यापीठात शिकून नोकरीला लागलेली पिढी होती. मोतीरावण कंगाली हे त्यांतले प्रमुख. जन्म १९४९, रामटेक तालुक्यातील. शिक्षण नागपुरात, पदव्युत्तर पदव्या नागपूर विद्यापीठाच्या, नोकरी रिझर्व्ह बँकेत आणि पीएच.डी. अलीगढची. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषाशास्त्र शिकलेल्या या माणसाने ती साधने गोंडी पुनेम (धर्मपरंपरा), लिपी आणि देवस्थाने यांच्या अभ्यासाकडे वळवली. ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे सुन्हेरसिंह ताराम त्यांचे सहकारी होते, आणि कवयित्री उषाकिरण आत्राम यांनी तर धनेगाव-कचारगड हेच आपले कार्यक्षेत्र केले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये वसवलेल्या शहरात गोंड विद्यार्थी पाहुण्यासारखा येतो. वसतिगृहात त्याला यवतमाळ, गडचिरोलीकडचे गोंड भेटतात. कोणाला गोंडी येते, कोणाची आजीबरोबर गेली. गावात असताना तो मडावी, उईके, मरकाम अशा एका कुळाचा असतो. खोलीत निरनिराळ्या कुळांची नावे शेजारी शेजारी लागली की आपण एका मोठ्या समाजाचे आहोत, हे उमगते. शेजारीच आंबेडकरी विद्यार्थ्यांची संघटित चळवळ, दीक्षाभूमी, ग्रंथविक्रीची परंपरा असते आणि तिच्याकडून बरेच घेतले जाते. कचारगडच्या यात्रेत देवदर्शनाच्या रांगेइतकीच पुस्तकांच्या, दिनदर्शिकांच्या आणि सप्तरंगी झेंड्यांच्या दुकानांपुढे गर्दी असते, तिचे कारण येथे सापडते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेले यात्रेकरू दरेकसा स्टेशनवर उतरतात तेव्हा गावच्या विद्यार्थ्याला आपल्या पत्त्याचे वजन कळते. ते वजन त्याला दिले वसतिगृहांनी आणि वाचकांनी. विद्यापीठ नावाच्या संस्थेचा त्यात प्रत्यक्ष वाटा थोडाच.

विद्यापीठाने करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते फारसे अवघड नाही. परीक्षांचे वेळापत्रक लावताना पूर्व विदर्भाचा धान आणि तेंदूचा हंगाम पाहता येतो. प्रवेशाच्या काळात सालेकसा, देवरी येथे कागदपत्रांसाठी शिबिरे घेता येतात. गोंडी भाषेचे तर मोठेच काम पडून आहे. २०११ च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. दरेकसाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी लिपी तयार केली. २०१७ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.  हा अभ्यास आतापर्यंत बहुतांशी नोकरी सांभाळून, स्वखर्चाने पुस्तके छापून झाला आहे. कचारगडला जमणारी हजारो माणसे ही भाषेच्या, लोककथांच्या आणि गोत्रव्यवस्थेच्या अभ्यासकाला वर्षातून एकदा आयती मिळणारी सभा आहे, आणि अमरावती मार्गावरच्या विभागांतून तिथे विद्यार्थी पाठवायला एक गाडी आणि चार दिवस पुरतात.